विष न मारता हिरवळ कशी राखावी



आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसतील. आज आपण हिरवळीबद्दल बोलणार आहोत. हिरवळ म्हणजे लग्नाच्या कार्यालयापुढं, शाळेपुढं, शहरातल्या लोकांच्या फार्म हाऊसपुढं जे कापलेलं हिरवंगार गवत असतं ते. त्यालाच सगळे लॉन म्हणतात.

हसू येण्यासारखंच आहे. हे गवत म्हणजे बहुतेक ठिकाणी आपली हरळीच असते. शेतात हरळी माजली की आपण कपाळाला हात लावतो. उन्हाळ्यात नांगरट झाली की टोपलं घेऊन तिच्या काशा वेचत फिरतो. आमच्या गटातल्या एक आक्का म्हणाल्या होत्या, "जन्मभर हरळी उपटायची मजुरी घेतली, आता हरळी लावायची मजुरी घ्यायची. काय दिवस आले!"

पण आता हे खरोखर आपलं काम झालं आहे. रस्त्याकडेला मंगल कार्यालयं झाली, कृषी पर्यटन केंद्रं झाली, घरकुलापुढं चार हात मोकळं अंगण ठेवण्याची हौस आली. तिथलं गवत निंदायला, कापायला, खत टाकायला बाया लागतात. आमच्या गटानंही असं काम घेतलं, त्यात मोठी चूक केली आणि त्या चुकीची किंमत एका मावशींना दवाखान्यात जाऊन मोजावी लागली. म्हणून आज थोडं सविस्तर बोलू.

काय घडलं होतं

आमच्या भागात, म्हणजे साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, एका कार्यालयाची चार गुंठे हिरवळ आम्ही सांभाळायला घेतली. शेतीची सवय असल्यामुळं आम्हाला वाटलं, त्यात काय अवघड आहे? उकिरड्यातलं शेण आणलं आणि पावसाच्या तोंडावर अंथरून टाकलं. आठ दिवसांत वास सुटला, माशा झाल्या, जागोजागी गवत पिवळं पडलं. तीन आठवड्यांनी त्या शेणातलं सगळं बी उगवून आलं. माठ, गाजरगवत, आघाडा, काय नव्हतं तिथं!

पुढं लग्नाच्या तारखा होत्या. मालक चिडले. त्यांनी आम्हाला न सांगता संध्याकाळी माणूस लावून तणनाशक मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सातजणी नेहमीसारख्या खुरपी घेऊन त्याच गवतात बसलो. मावशींना मशेरीची सवय. हात न धुता त्यांनी मशेरी लावली. दुपारपर्यंत त्यांना उलट्या सुरू झाल्या, डोकं गरगरायला लागलं. बाकी दोघींच्या बोटांची सालं निघाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध होतं?" आम्हाला सांगता येईना. बाटली फेकून दिलेली. फोनाफोनी करून नाव कळेपर्यंत तास गेला. मावशी वाचल्या, आज ठणठणीत आहेत. पण तो तास आमच्यातली एकही विसरलेली नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, हे आपण बातम्यांत ऐकलं होतं. तेव्हा वाटलं होतं, ते कपाशीचं काम, आपला काय संबंध? पण हिरवळीवर तर माणूस जास्तच जवळ असतो. आपण त्यात मांडी घालून बसतो. लग्नाला आलेली लेकरं त्यावर लोळतात, पडलेला लाडू उचलून तोंडात घालतात. शेतातल्या पिकावर फवारलं तर कापणीपर्यंत दिवस तरी जातात. इथं रात्री मारलं की सकाळी त्यावर माणूस.

म्हणून आम्ही ठरवलं, हिरवळ राखायची ती विष न मारता. ते जमतं. कसं, ते आता टप्प्याटप्प्यानं सांगते. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

जागा आणि माती

हरळीला ऊन लागतं. दिवसाचे सहा-सात तास चांगलं ऊन असेल तिथं ती जोमानं वाढते. चिंचेखाली, आंब्याखाली, घराच्या उत्तरेच्या सावलीत ती विरळच राहते. तिथं कितीही खत-पाणी घाला, उपयोग होत नाही. अशा जागी हरळीचा हट्ट सोडायचा. पालापाचोळ्याचं आच्छादन करावं किंवा सावलीत तग धरणारी झाडं लावावीत. मालकाला हे आधीच सांगून ठेवलं म्हणजे पुढं बोलणी खावी लागत नाहीत.

काळी माती असेल तर पावसात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. तिच्यात वाळू आणि कुजलेलं खत मिसळावं लागतं. मुरमाड जागा असेल तर वर निदान सहा इंच चांगली माती हवी. जागेला एका बाजूला थोडासा उतार ठेवा. पाणी साचलेल्या जागी मुळं कुजतात आणि रोग तिथूनच सुरू होतो.

लावायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे तणाला फसवणं. जमीन एक फूट खोल खणा, ढेकळं फोडा, सपाट करा आणि नुसतं पाणी द्या. काही लावू नका. दोन-तीन आठवड्यांत मातीतलं तणाचं बी उगवून येईल. ते मुळासकट काढा. पुन्हा पाणी द्या, पुन्हा उगवू द्या, पुन्हा काढा. दोनदा असं केलं तर पुढं वर्षभराची निंदणी निम्म्यावर येते. मालकाला घाई असते, पण हा महिना मागून घ्याच.

लावणी

हरळीचे ठोंब लावायला पावसाळ्याची सुरुवात, म्हणजे जून-जुलै, सगळ्यात चांगली. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येही लावता येते. बांधावरची बारीक पानाची हरळी फुकट मिळते, पण एक काळजी घ्या. तिच्या मुळांत लव्हाळ्याच्या गाठी अडकलेल्या असतात. ठोंब पाण्यात हलवून धुवा, गाठी वेचून काढा आणि मगच लावा. आम्ही पहिल्यांदा हे केलं नाही, आणि लव्हाळा आपल्याच हातानं पेरला.

दोन-तीन पेरांचे तुकडे करून चार-चार बोटांच्या अंतरावर खोचायचे, माती दाबायची आणि झारीनं पाणी घालायचं. मुळं धरेपर्यंत ओल मोडू द्यायची नाही. पावसाळ्यातली लावणी असेल तर तीन-चार महिन्यांत जमीन झाकते.

पाणी किती आणि कधी

आपल्याकडं हाच प्रश्न मोठा आहे. म्हणून आधी हिशोब ऐका. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, एकूण १,०८९ चौरस फूट. एवढ्या जागेवर एक इंच पाणी द्यायचं म्हटलं तर अडीच हजार लिटर लागतं. म्हणजे पाच हजार लिटरचा अर्धा टँकर, तोही एका वेळेला. घरापुढच्या दहा फूट बाय दहा फूट अंगणाला तेवढंच पाणी द्यायचं तर सव्वादोनशे लिटरच्या वर, म्हणजे पंधरा लिटरचे पंधरा-सोळा हंडे.

हे ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल की ज्या गावात मार्चपासून टँकर येतो, तिथं घरापुढं मोठी हिरवळ करणं शहाणपणाचं नाही. चार हात जागेत हौस भागवा, बाकी जागेत भाजी लावा. पण जिथं हिरवळ आहेच आणि ती सांभाळायची आहे, तिथं पाणी वाया जाऊ नये म्हणून हे करा.

रोज थोडं-थोडं शिंपडू नका. रोजच्या शिंपडण्यानं ओल वरच्या बोटभर मातीतच राहते, मुळंही वरच राहतात आणि दोन दिवस पाणी चुकलं की गवत माना टाकतं. त्यापेक्षा एकदा खोलवर, चार-सहा इंच भिजेल इतकं द्या आणि मग थांबा. पुढचं पाणी कधी द्यायचं ते गवतच सांगतं. हिरवळीवरून चालत जा आणि मागं वळून पाहा. पावलाखालचं गवत लगेच उभं राहिलं तर पाणी नको. पावलाचे ठसे तसेच राहिले, रंग निळसर-राखाडी दिसू लागला, तर पाणी द्या. शंका वाटली तर खुरपं चार इंच खुपसून माती हातात घेऊन बघा.

पाणी सकाळी लवकर द्यावं. भर दुपारी दिलेलं बरंच उडून जातं. संध्याकाळी दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशी धरते. पावसाळ्यात गोल-गोल तपकिरी चट्टे पडतात ते बहुतेक बुरशीचे. तिथं पाणी थांबवा, साचलेलं पाणी बाहेर काढा, कापलेलं गवत उचलून घ्या आणि चाळलेल्या खतात ट्रायकोडर्मा मिसळून टाका. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आहे. कृषी विद्यापीठात आणि बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांत ती मिळते.

घरचं सांडपाणी वापरायचं असेल तर भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. कपड्यांच्या सोड्याचं, साबणाचं पाणी रोज टाकू नका, काळी माती त्यानं घट्ट आणि चिकट होते.

आणि पाणीच नसेल तर? एप्रिल-मेमध्ये हरळी पिवळी पडते, वाळल्यासारखी दिसते, पण खालच्या काशा जिवंत असतात. पहिल्या वळवात ती पुन्हा हिरवी होते. आमच्या मालकांना हे पटायला एक उन्हाळा जावा लागला.

कापणी

कापताना एकच नियम लक्षात ठेवा. उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही. गवत तीन इंच झालं असेल तर एक इंच काढा. पाच इंच वाढलेलं एकदम जमिनीलगत कापलं तर पांढरे खुंट उघडे पडतात, ऊन थेट मातीला लागतं आणि तणाला जागा मिळते. मालक म्हणतात, "एकदाच बारीक कापा, म्हणजे महिनाभर बघायला नको." तसं केलं तर महिनाभर तणच बघावं लागतं.

हरळी एक ते दीड इंचावर ठेवा. उन्हाळ्यात दोन इंच ठेवली तर माती सावलीत राहते आणि पाणी कमी लागतं. पावसाळ्यात सात-आठ दिवसांनी, थंडीत महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी कापणी पुरते. ओलं गवत कापू नका. हातमशीनचं पातं, कातर किंवा विळा, जे वापराल त्याला धार हवी. बोथट पात्यानं पानाचं टोक चेचतं आणि दुसऱ्या दिवशी सगळी हिरवळ तांबूस दिसते. कापण्याआधी दगड, तारा, फुटक्या बाटल्या वेचा. पावसाळ्यात काठी आपटूनच गवतात पाय घाला.

बारीक कापलेलं गवत तिथंच पसरू द्या. ते कुजून परत खतच होतं. गठ्ठे झाले तर मात्र उचला. हे गवत शेळ्यांना, गाईला आवडतं. फवारा मारलेल्या गवताचा चारा कधीच द्यायचा नाही, पण आपल्या हिरवळीचा देता येतो. आणखी एक फायदा सांगते. हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीच्या दिवसांत आम्ही एका कोपऱ्यातलं गवत न कापता ठेवतो आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून बाजारात नेतो. विष न मारलेल्या दूर्वा देवाला वाहायला बायाही खुशीनं घेतात.

खत

आता आमच्या चुकीकडं येते. कच्चं शेण टाकल्यानं चार गोष्टी बिघडतात. ते कुजताना गरम होतं आणि मुळांना इजा करतं. त्यात तणाचं जिवंत बी असतं. त्यातून हुमणीसारख्या किडीची अंडी-अळ्या येऊ शकतात. आणि कुजताना ते मातीतलं नत्र ओढून घेऊ शकतं, त्यामुळं खत घालूनही गवत पिवळं पडतं.

खत पुरतं कुजलंय की नाही हे कसं ओळखायचं? ढिगात कोपरापर्यंत हात घाला. गरम लागलं तर कच्चं. शेणाचा वास आला तर कच्चं. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला, हातात घेतल्यावर भुसभुशीत काळी पूड झाली, त्यात शेण-काडी वेगळी ओळखू आली नाही, तर पक्कं. तरीही शंका असेल तर मूठभर खत ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून चार दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून थांबा.

असं कुजलेलं खत किंवा गांडूळ खत बारीक चाळणीनं चाळून वर्षातून दोनदा टाकायचं. एकदा पावसाच्या सुरुवातीला, एकदा पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. प्रमाण गुंठ्याला साधारण शंभर किलो, म्हणजे चाळीस किलोची अडीच पोती. त्यात गुंठ्याला पाच किलो निंबोळी पेंड मिसळा. टाकल्यावर खराट्यानं हलकं झाडा, म्हणजे खत पानांवर न राहता मुळाशी जाईल. मग पाणी द्या.

मधल्या काळात महिन्यातून एकदा जीवामृत देता येतं. विदर्भातले शेतकरी सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी ही रीत गावोगावी पोचवली. त्यांचं माप एकराला दोनशे लिटरचं आहे. एकरात चाळीस गुंठे, म्हणून गुंठ्याला पाच लिटर. आमच्या चार गुंठ्यांसाठी आम्ही वीस लिटर करतो. त्याला लागतं एक किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सगळं वीस लिटर पाण्यात कालवून सावलीत ठेवायचं. पोत्यानं झाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. दोन दिवसांनी वापरायला येतं आणि सात दिवसांच्या आत संपवायचं. फडक्यानं गाळून, आणखी चार-पाच पट पाणी घालून झारीनं ओल्या जमिनीवर द्यायचं. वास येतो, तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी द्या.

पण जीवामृत म्हणजे पोटभर जेवण नव्हे. ते विरजणासारखं आहे. मातीतले जीव वाढवायला ते मदत करतं. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? तसं मातीत कुजलेलं खत नसेल तर नुसत्या जीवामृतावर हिरवळ टिकत नाही.

तुडवलेली जागा

कार्यालयाच्या हिरवळीवर मांडव पडतो, हजार माणसं चालतात, सतरंज्या दोन-दोन दिवस पडून राहतात. माती दगडासारखी घट्ट होते. पाणी वरून वाहून जातं आणि मुळांना हवा मिळत नाही. लग्नाची गर्दी सरली की टोकदार सळईनं वीतभर अंतरावर चार-चार इंच खोल भोकं पाडा. भोकांत चाळलेलं खत आणि वाळू झाडून घाला. काम किचकट आहे, पण गाणी म्हणत चौघीजणी बसल्या की एक गुंठा एका दिवसात होतो.

आचाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, उकळतं पाणी आणि तेल गवतावर ओतायचं नाही. त्यांच्यासाठी एक खड्डा दाखवून ठेवा. सतरंज्या त्याच रात्री गुंडाळायच्या. एवढ्यानं निम्मे डाग टळतात.

तण

आपल्याला सगळ्यात जास्त छळतो तो लव्हाळा. दिसायला गवतच, पण काडी बोटांत फिरवा, तीन धारा लागतील. जमिनीत त्याच्या गाठींची माळ असते. खुरपं वरवर चालवलं की पान तुटतं, गाठ राहते आणि चार दिवसांत पुन्हा कोंब वर येतो. म्हणून आदल्या दिवशी पाणी देऊन माती मऊ करा, खुरपं तिरपं खोल घाला आणि गाठीसकट ओढा. गाठी पिशवीत गोळा करा, कडक उन्हात वाळवून जाळा. खतात कधीच टाकू नका. दर पंधरा दिवसांनी हे करत राहा. एकदाही खंड पडू देऊ नका. गाठीतला साठा असाच संपतो. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून हरळी दाट आणि थोडी उंच ठेवली की तो दबतो.

गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटा. हातमोजे घाला, त्यानं अंगाला खाज सुटते. फुलं येण्याआधी उपटलेलं खतात चालेल. दुधी, घोळ, आघाडा ओल्या मातीत सहज निघतात. निंदून झालेल्या उघड्या जागेत लगेच हरळीचे दोन ठोंब खोचा. जागा मोकळी ठेवली की तिथं पुन्हा तणच येणार.

आणि सरळ सांगते, विष न मारलेल्या हिरवळीत दोन-चार तणं दिसणारच. गालिच्यासारखी एकसारखी हिरवळ हवी असेल त्यांना हे आधी सांगा.

हुमणी

ऊस, भुईमूग करणाऱ्या बायांना हुमणी सांगायला नको. हिरवळीतही ती येते. पावसाळा अर्धा झाला की गवताचे चट्टे वाळतात. पाणी दिलं तरी हिरवे होत नाहीत. ओढलं तर गवत सतरंजीसारखं उचलून येतं, कारण खाली मुळंच राहिलेली नसतात. साळुंक्या, कावळे तिथं टोचे मारताना दिसले की समजा. खाली पांढरी, तपकिरी डोक्याची, चंद्रकोरीसारखी वाकलेली अळी सापडते.

तिच्यावर खरा इलाज पहिल्या पावसातच होतो. मे-जूनमध्ये वळीव पडला की हुमणीचे भुंगे जमिनीतून बाहेर येतात आणि अंधार पडला की कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर पाला खायला जमतात. तेव्हा फांद्या हलवायच्या, खाली कापड अंथरून भुंगे गोळा करायचे आणि रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्यात टाकायचे. एक मादी मारली की तिची पुढची सगळी अंडी टळतात. पण एकट्या घरानं करून भागत नाही. सगळ्या वस्तीनं, सगळ्या गटांनी त्याच आठवड्यात करायला हवं. आम्ही आता पहिल्या पावसानंतरच्या पाच संध्याकाळी भुंगे गोळा करतो. पोरं बॅटऱ्या घेऊन पुढं असतात. हिरवळीबरोबर शेजारच्या उसाचंही भलं होतं.

अळ्या दिसल्याच तर चट्टा उकरून वेचा. कोंबड्या सोडता आल्या तर त्या आनंदानं वेचतात. मेटारायझियम नावाची उपयोगी बुरशी मिळते, ती पाकिटावरच्या प्रमाणात कुजलेल्या खतात मिसळून ओल्या जमिनीत द्या. पूर्वी हुमणीसाठी फोरेटचे दाणे सर्रास टाकत. अतिशय विषारी असलेल्या फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. कुणाच्या घरात जुना पुडा पडून असेल तर तो वापरू नका, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि त्याचं काय करायचं ते कृषी सहायकाला विचारा.

काम घेताना काय ठरवायचं

शेवटी आपल्या गटाची गोष्ट. मावशी बऱ्या झाल्यावर आम्ही काम सोडायच्या बेतात होतो. पण त्याच म्हणाल्या, "काम सोडून काय व्हायचं? आपल्या जागी दुसऱ्या बाया येऊन त्याच गवतात बसतील." म्हणून आम्ही मालकांकडं गेलो. आमची चूकही कबूल केली, कच्चं शेण आम्हीच टाकलं होतं. आणि चार अटी कागदावर लिहून दिल्या.

पहिली, आम्हाला विचारल्याशिवाय हिरवळीवर कोणतंही औषध मारायचं नाही. दुसरी, कधी मारावंच लागलं तर बाटली जपून ठेवायची, आम्हाला दाखवायची, आणि बाटलीवर सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय कुणी गवतात बसणार नाही. बाटलीवरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षर वाचता आलं नाही तरी रंग ओळखता येतो. हे प्रत्येकीनं पाठ करावं. हिरवा त्रिकोण असला तरी ते औषधच आहे, खायची वस्तू नव्हे. तिसरी, हात धुवायला साबण-पाणी आणि बसायला सावली. चौथी, मजुरी दिवसावर नाही, वर्षाच्या करारावर.

ही चौथी अट महत्त्वाची आहे. हिरवळीचं काम सारखं नसतं. आमच्या चार गुंठ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला सोळा-सतरा रोज लागतात, थंडीत सहा-सातच. दिवसावर बोललं की पावसाळ्यात मालक कुरकुरतो आणि थंडीत आपल्याला काम नसतं. म्हणून वर्षभराचे रोज मोजा, त्याला चालू मजुरीनं गुणा, खत, पेंड, अवजारांची धार आणि जाण्या-येण्याचा खर्च मिळवा आणि बारा हप्ते करा. पैसे गटाच्या खात्यावर घ्या. खत गटातल्या बायांच्याच गांडूळ खताच्या बेडमधून घेतलं तर ते पैसेही घरातच राहतात.

मालकांनी दोन दिवस विचार केला आणि सही केली. त्यांची नात त्याच हिरवळीवर खेळते, हे त्यांनीच आम्हाला बोलून दाखवलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटातल्या कुणी असल्या कामाला जात असतील तर पुढच्या बैठकीत दोन गोष्टी विचारा. तुम्ही बसता त्या गवतावर शेवटचं औषध कधी मारलं होतं? आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? उत्तर आलं नाही तर कामावर जायच्या आधी सगळ्याजणी मिळून मालकाला विचारून या. एकटीला विचारायला संकोच वाटतो, दहाजणींना वाटत नाही.

मावशी अजून आमच्याबरोबर येतात. मशेरी सुटलेली नाही, पण आता आधी साबणानं हात धुतात आणि आम्हालाही धुवायला लावतात.